धावत्या मोटारीवरचा कॅमेरा
मोटारगाडी आणि चलच्चित्र ही दोन यंत्रे जवळजवळ समवयस्क आहेत. कार्ल बेन्झ याने आपल्या तीनचाकी गाडीच्या पेटंटसाठी जर्मनीत १८८६ मध्ये अर्ज केला, ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून केलेला चित्रपटाचा पहिला खेळ २८ डिसेंबर १८९५ रोजी झाला, आणि या दोन घटनांच्या दरम्यान, १८९४ मध्ये, पॅरिस ते रूआँ या मार्गावर घोड्याविना चालणाऱ्या वाहनांची जी स्पर्धा भरली तिच्यापासून मोटारशर्यतीच्या इतिहासाचा प्रारंभ सामान्यतः मानला जातो. पुढे १९०६ मध्ये फ्रान्समधील ल माँ या गावाच्या परिसरातील रस्त्यांवर पहिली ‘ग्रां प्री’, म्हणजे मोठ्या पारितोषिकाची शर्यत, धावली तेव्हा चित्रपटही जत्रेतील नवलाईची अवस्था सोडून स्वतंत्र व्यवसाय होऊ लागला होता. या दोहोंच्या सहवासातून जो चित्रपटप्रकार उदयास आला, त्याला येथे सोयीसाठी शर्यतपट असे म्हटले आहे. त्याच्या कथा बहुतेक वेळा साध्या, कधी कधी अगदीच बेताच्या असतात; तरीही त्याचा इतिहास मोलाचा आहे, कारण तो मुख्यतः कॅमेरा कोठे ठेवला गेला आणि खऱ्या वेगाच्या किती जवळ नेला गेला याचा इतिहास आहे, आणि त्या जवळिकीची किंमत काही माणसांनी आपल्या शरीराने मोजलेली आहे.

वेग पडद्यावर दाखवणे वरवर सोपे वाटले तरी मुळात ते अवघड काम आहे. प्रेक्षकाला वेग जाणवतो तो चौकटीतील एक वस्तू दुसरीच्या मानाने किती झपाट्याने सरकते यावरून. त्यामुळे तुलनेला काही उरले नाही की वेगही उरत नाही. रस्त्याच्या टोकाला उभे राहून, लांब पल्ल्याच्या भिंगातून समोरून येणारी गाडी टिपली, तर ते भिंग मधले अंतर चेपून टाकते आणि ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने येणारी गाडी जागच्या जागी थरथरत असल्यासारखी दिसते. तोच कॅमेरा रुंद कोनाचे भिंग लावून गाडीच्या नाकाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवला, तर डांबरी रस्ता, कठडे आणि झाडे दोन्ही बाजूंनी मागे फेकली जाऊ लागतात आणि निम्म्या वेगानेही पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. हे गणित चित्रपटकारांच्या लवकर ध्यानात आले असले, तरी जड कॅमेरा, गाडीचे हादरे आणि चालकाच्या जिवाची काळजी या तीन अडचणींमुळे ते प्रत्यक्षात उतरायला अर्धे शतक लागले.

मूकपटांच्या काळात त्यावर एक सोपा तोडगा होता. तेव्हाचा कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालत असे. चित्रण करताना दांडा सावकाश फिरवला की सेकंदाला कमी चौकटी टिपल्या जात आणि तीच फिल्म नेहमीच्या गतीने दाखवली की गाड्या भरधाव धावताना दिसत. कॅलिफोर्नियातील कीस्टोन कंपनीचे विनोदी मूकपट याच युक्तीवर पोसलेले होते. त्या कंपनीने १९१४ च्या आरंभी व्हेनिस या समुद्रकाठच्या गावी लहान मुलांच्या गाड्यांची खरीखुरी शर्यत चालू असताना, खऱ्या प्रेक्षकांच्या गर्दीत, ‘किड ऑटो रेसेस ॲट व्हेनिस’ हा लघुपट चित्रित केला. शर्यतीचे चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यासमोर पुन्हा पुन्हा येऊन उभा राहणारा एक भटक्या, एवढीच त्याची कथा होती, आणि तो भटक्या चार्ली चॅप्लिन होता. जगाने पुढे डोक्यावर घेतलेले त्याचे ते रूप प्रेक्षकांनी पडद्यावर पहिल्यांदा पाहिले ते याच चित्रपटात. त्याच वर्षीच्या ‘मेबल ॲट द व्हील’ मध्ये मेबल नॉर्मंड या अभिनेत्रीने शर्यतीच्या गाडीचे चाक हाती घेतले. खरी शर्यत, खरी गर्दी आणि त्यात मिसळलेली नटमंडळी हा शर्यतपटाचा मूळ साचा तेव्हापासूनच तयार होता, असे म्हणता येते.

बोलपट आल्यावर हा साचा काही काळ बिघडला. ध्वनीशी जुळवून घेण्यासाठी कॅमेऱ्याची गती सेकंदाला २४ चौकटी अशी कायम झाली. संवाद स्पष्ट ऐकू यावेत म्हणून नटांना स्टुडिओत आणावे लागले आणि त्यासाठी पार्श्वप्रक्षेपणाचा उपाय रूढ झाला. पार्श्वप्रक्षेपण म्हणजे स्थिर गाडीत नटाला बसवून त्याच्या पाठीमागच्या अर्धपारदर्शक पडद्यावर, आधी टिपलेले धावत्या रस्त्याचे दृश्य मागील बाजूने प्रक्षेपित करणे आणि दोहोंचे मिळून एकत्र चित्रण करणे. या पद्धतीत नट सुरक्षित राहतो, त्याचा चेहरा नीट दिसतो आणि खर्चही आटोक्यात राहतो; मात्र मागचा रस्ता आणि पुढचे शरीर यांचे हादरे कधीच जुळत नाहीत. हॉवर्ड हॉक्स याने १९३२ मध्ये दिग्दर्शित केलेल्या ‘द क्राउड रोअर्स’ मध्ये जेम्स कॅग्नी नायक होता. इंडियानापोलिस येथील पाचशे मैलांच्या प्रसिद्ध शर्यतीतले खरे चालक त्यात आपापल्या नावाने वावरतात, त्यात १९३० सालचा विजेता बिली अर्नोल्ड हाही आहे. असे असूनही नटांची दृश्ये आणि धावमार्गावरची दृश्ये दोन वेगळ्या जगांतली वाटतात. त्या शर्यतचित्रणाचे मोल निर्मात्यांना मात्र पुरते ठाऊक होते. त्याच सामग्रीवर जाँ गाबँ याला घेऊन फ्रेंच आवृत्ती निघाली आणि १९३९ मध्ये ‘इंडियानापोलिस स्पीडवे’ या नावाने कथेची पुनरावृत्ती झाली तेव्हा तेच शर्यतीचे तुकडे पुन्हा वापरले गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात क्लार्क गेबलचा ‘टू प्लीज अ लेडी’ आणि कर्क डग्लसचा ‘द रेसर्स’ असे चित्रपट आले, पण त्यांनी पद्धतीत मोठा बदल केला नाही. बदलली ती शर्यतीकडे पाहण्याची लोकांची दृष्टी. १९५५ च्या जून महिन्यात ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत प्येर लव्हेग याची मर्सिडीज प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे मेली. १९५७ मध्ये इटलीतील मिल्ले मिल्या या हजार मैलांच्या रस्ताशर्यतीत आल्फोन्सो दे पोर्तागो याच्या फेरारीने स्वतः चालक, त्याचा सहकारी आणि रस्त्यालगतचे नऊ प्रेक्षक यांचा बळी घेतला, आणि त्या स्वरूपातली ती शर्यत कायमची बंद पडली. यापुढे शर्यतीवर चित्रपट काढायचा तर माणसे हे का करतात, या प्रश्नाला सामोरे जाणे भाग होते.

या पार्श्वभूमीवर जॉन फ्रँकनहायमर याचा ‘ग्रां प्री’ हा चित्रपट उभा राहतो. ‘द मांचुरियन कँडिडेट’ आणि ‘द ट्रेन’ या चित्रपटांमुळे त्याचे नाव झालेले होते, आणि मोटारींचे त्याला वेड होते. १९६६ चा फॉर्म्युला वन हंगाम त्याने चित्रणासाठी निवडला. फॉर्म्युला म्हणजे गाडीचे वजन, आकार, इंजिनाची क्षमता इत्यादींविषयी सर्व स्पर्धकांना बंधनकारक असलेली नियमावली, आणि फॉर्म्युला वन ही त्यांतली सर्वांत वरची श्रेणी. त्याच वर्षी या श्रेणीतील इंजिनांची कमाल क्षमता दीड लिटरवरून तीन लिटरवर गेली होती, त्यामुळे गाड्या अधिक बलवान झाल्या होत्या, पण त्यांभोवतीच्या सुरक्षेच्या व्यवस्था जुन्याच होत्या. मोनाको, बेल्जियममधील स्पा, इंग्लंडमधील ब्रँड्स हॅच आणि इटलीतील माँझा येथे फ्रँकनहायमरचे पथक खऱ्या शर्यतींच्या आगेमागे, आणि काही वेळा शर्यतीच्या आतही, वावरत राहिले.

चित्रणाच्या तांत्रिक बाजूचा येथे थोडा विस्तार करणे अगत्याचे आहे, कारण चित्रपटाचे खरे कर्तृत्व त्या बाजूला आहे. चित्रपट ६५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर, म्हणजे नेहमीच्या ३५ मिलिमीटरच्या जवळजवळ दुप्पट रुंद पट्टीवर, टिपला गेला. त्याच्या प्रती ७० मिलिमीटरच्या निघाल्या, कारण कडेची जादा जागा ध्वनीच्या चुंबकीय पट्ट्यांसाठी लागते, आणि सिनेरामा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भव्य, वक्राकार पडद्यांवर तो दाखवला गेला. एवढ्या रुंद फिल्मचा कॅमेरा अर्थातच जड असतो. तो शर्यतीच्या हलक्या गाडीवर, एका बाजूला, हादऱ्यांत टिकेल असा बसवायचा आणि चालकाच्या चेहऱ्यावरून समोरच्या रस्त्यावर वळवायचा, पण तो चालवायला माणूस बसवण्याइतकी जागा गाडीत नाही, ही अडचण होती. दुय्यम पथकाचा छायालेखक जॉन स्टीफन्स याने दुरून नियंत्रित करता येणारी मांडणी तयार केली आणि तिच्यामुळे पूर्ण वेगात असलेल्या गाडीवरचा कॅमेरा प्रथमच मनाजोगता फिरू लागला. चौकटींची संख्या कमी करून खोटा वेग दाखवायचा नाही, असा फ्रँकनहायमरचा दंडक होता. त्यामुळे चित्रणाची गाडीही शर्यतीच्या वेगाने धावेल अशी हवी होती. त्यासाठी फोर्ड जीटी ४० ही गाडी कॅमेरे बसवून तयार केली गेली, आणि ती चालवायला १९६१ चा जगज्जेता फिल हिल होता. मोनाको व स्पा येथील खऱ्या शर्यतींच्या आरंभीच्या फेरीतही फिल हिलने कॅमेरा बसवलेली गाडी चालवली.

नटांपैकी जेम्स गार्नर याने गाडी स्वतः चालवली, आणि जाणकारांच्या मते चांगली चालवली. बॉब बाँड्युराँ या शर्यतचालकाने त्याला व इतरांना शिकवले होते. नटांसाठी वापरलेल्या गाड्या फॉर्म्युला थ्री या कनिष्ठ श्रेणीतल्या होत्या आणि त्यांना वरून मोठ्या गाड्यांचे रूप दिलेले होते. कल्पित कथा आणि खरी शर्यत यांचा सांधा दिसू नये म्हणून योजलेले उपाय लक्षणीय आहेत. ब्रायन बेडफर्ड याने रंगवलेल्या स्कॉट स्टॉडर्ड या चालकाच्या शिरस्त्राणावर जॅकी स्ट्युअर्टच्या शिरस्त्राणासारखा स्कॉटिश चौकड्यांचा पट्टा आहे, म्हणजे खऱ्या शर्यतीतील स्ट्युअर्टची दृश्ये स्टॉडर्डची म्हणून वापरता येत. तोशिरो मिफुने याने साकारलेल्या इझो यामुरा या जपानी उद्योगपतीचा चमू कल्पित आहे, पण ब्रूस मॅकलॅरन याने आपली खरी गाडी त्या हंगामात यामुराच्या पांढऱ्या रंगात रंगवून धाववली. कथेच्या सोयीसाठी खऱ्या स्पर्धकाने आपला रंग बदलावा, एवढे साहचर्य चित्रपटसृष्टी आणि शर्यतीचे जग यांच्यात यापूर्वी कधी झाले नव्हते.

एंझो फेरारी मात्र सुरुवातीला राजी नव्हता. अमेरिकी चित्रपटवाल्यांच्या हाती आपले नाव आणि आपला कारखाना देण्यास तो कचरत होता; मोनाको येथील चित्रणाचे तुकडे फ्रँकनहायमरने त्याला नेऊन दाखवले, तेव्हा त्याचे मन पालटले आणि मारानेल्लो येथील कारखान्यात चित्रण करू देण्यास त्याने संमती दिली. कॅमेरा कोठे ठेवला आहे, यावरूनच या माणसाने चित्रपटाची पारख केली, असे म्हणणे चुकीचे होणार नाही.

त्या वर्षीची मोनाकोची शर्यत २२ मे रोजी झाली. स्ट्युअर्ट जिंकला, लोरेंझो बांदिनी दुसरा आला आणि अधिकृत निकालात केवळ चार गाड्यांची नोंद झाली. तीन आठवड्यांनी, १२ जून रोजी, स्पा येथे पहिल्याच फेरीत पावसाने गाठले, अनेक गाड्या घसरल्या आणि स्ट्युअर्ट आपल्या मोडलेल्या गाडीत, गळणाऱ्या पेट्रोलात, अडकून पडला. ग्रॅहॅम हिल आणि बाँड्युराँ या सहस्पर्धकांनी त्याला बाहेर काढले, कारण त्यासाठी दुसरी कोणतीच यंत्रणा जागेवर नव्हती. स्ट्युअर्टने पुढे शर्यतींच्या सुरक्षिततेसाठी जो दीर्घ लढा दिला त्याचे मूळ या प्रसंगात आहे. ‘ग्रां प्री’ चित्रपटात पावसातले स्पा आहे, गवताच्या पेंढ्यांचे कठडे आहेत, रस्त्यालगत उभी असलेली घरे आणि तारेचे खांब आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाला हा सगळा पुरावा आहे. माँझा येथील बशीसारख्या कलत्या वळणांवर त्या वर्षीची खरी शर्यत धावलीच नाही, पण चित्रपटातील अखेरची शर्यत तेथे धावते आणि ईव्ह माँताँ याने रंगवलेला झाँ-प्येर सार्ती तेथेच मरतो.

‘ग्रां प्री’ साठी सॉल बास या दृश्यरचनाकाराने पडद्याचे अनेक लहान चौकटींत विभाजन करून पाने आवळणारे हात, चालकांचे डोळे, घड्याळे, नळकांडी असे एकाच वेळी दाखवण्याची जी योजना केली, तिचे अनुकरण पुढे कितीतरी वर्षे होत राहिले. १९६६ च्या डिसेंबरात प्रदर्शित झालेल्या या सुमारे तीन तासांच्या चित्रपटाला संकलन, ध्वनी आणि ध्वनिपरिणाम यांसाठी तीन ऑस्कर मिळाले. त्यातील प्रेमकथा पसरट आहेत आणि मधल्या भागात चित्रपट रेंगाळतो, हा दोष नाकारण्याचे कारण नाही. तथापि त्यात दिसणाऱ्या खऱ्या चालकांचे पुढे काय झाले हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला तो रेंगाळही मोलाचा वाटतो. बांदिनी पुढच्याच वर्षी मोनाकोच्या शर्यतीत भाजून मरण पावला. जिम क्लार्क ७ एप्रिल १९६८ रोजी हॉकेनहाइम येथे गेला. मॅकलॅरन आणि योखेन रिंट दोघेही १९७० मध्ये, आणि यो बॉनिए १९७२ मध्ये ल माँ येथे. गप्पा मारत, सिगारेट ओढत, हातमोजे चढवत असलेली ही माणसे त्या रुंद फिल्मवर इतकी स्वच्छ दिसतात की दुसऱ्या कोणत्याही चित्रणात ती तशी उरलेली नाहीत.

१९६६ मध्येच क्लोद लेलूश याच्या ‘अ मॅन अँड अ वुमन’ या फ्रेंच चित्रपटाला कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळाले. त्याचा नायक शर्यतचालक आहे आणि माँते कार्लोच्या रॅलीची दृश्ये त्यात आहेत, पण अगदी लहान पथकाने आणि हाती धरलेल्या कॅमेऱ्याने टिपलेली. भव्य साधनांशिवायही धावत्या गाडीतली जवळीक पकडता येते, हे त्याने दाखवून दिले.

‘ग्रां प्री’ च्या नायकाच्या भूमिकेसाठी आधी स्टीव्ह मॅकक्वीन याचा विचार झाला होता. ती भूमिका गार्नरकडे गेल्यावर जॉन स्टर्जिस या दिग्दर्शकाबरोबर ‘डे ऑफ द चॅम्पियन’ नावाचा प्रतिस्पर्धी शर्यतपट काढण्याचा त्याचा बेत होता, तोही सोडून द्यावा लागला. मधल्या काळात त्याच्या १९६८ च्या ‘बुलिट’ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउताराच्या रस्त्यांवर ताशी १६० किलोमीटरहून अधिक वेगाने धावलेल्या मुस्टँग व चार्जर या दोन गाड्यांचा सुमारे अकरा मिनिटांचा पाठलाग गाजला आणि त्याच्या संकलनासाठी फ्रँक केलर याला ऑस्कर मिळाले. पाठलाग हा शर्यतपटाचा सख्खा भाऊ असला तरी त्याचा इतिहास वेगळा आहे. मॅकक्वीनच्या मनात शर्यतपटच होता. १९७० च्या मार्चमध्ये त्याने डाव्या पायाला प्लास्टर असताना पीटर रेव्हसनच्या जोडीने सेब्रिंगच्या १२ तासांच्या शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ल माँच्या शर्यतीत जॅकी स्ट्युअर्टसोबत पोर्श ९१७ चालवायची, असे ठरवले. विमा कंपन्यांनी ते होऊ दिले नाही.

मॅकक्वीन शर्यतीत उतरला नाही, पण त्याच्या सोलर या निर्मितीसंस्थेची एक पोर्श ९०८ ‘ल माँ’ या चित्रपटाच्या चित्रणासाठी उतरली. पुढे आणि मागे कॅमेरे बसवलेली ही गाडी हर्बर्ट लिंगे आणि जोनाथन विल्यम्स यांनी आळीपाळीने चालवली. फिल्म बदलण्यासाठी तिला वारंवार पिटमध्ये, म्हणजे धावमार्गालगतच्या दुरुस्ती आणि इंधनभरणीच्या जागेत, थांबावे लागे. तरीही तिने साडेतेरा किलोमीटरच्या मार्गाच्या २८२ फेऱ्या पुऱ्या केल्या. नियमानुसार आवश्यक अंतर भरले नाही म्हणून निकालात तिला स्थान मिळाले नाही. चित्रणासाठी निघालेल्या गाडीने चोवीस तास झुंजणाऱ्या स्पर्धकांच्या मधोमध, रात्रीच्या पावसातही, एवढी मजल मारावी, ही शर्यतपटाच्या इतिहासातील सर्वांत मोठी कामगिरी आहे. त्या शर्यतीत हान्स हेरमान आणि रिचर्ड ॲटवूड यांनी पोर्शला ल माँचे पहिले एकंदर विजेतेपद मिळवून दिले.

शर्यतीनंतर तो मार्ग भाड्याने घेऊन उरलेले चित्रण महिनोन्‌महिने चालू राहिले. पटकथा मात्र कधीच पुरी झाली नाही. गाड्यांविषयीचा सच्चेपणा हेच सर्वस्व मानणारा मॅकक्वीन आणि माणसांची कथा मागणारा दिग्दर्शक स्टर्जिस यांचे पटेना. अखेर स्टर्जिस निघून गेला आणि ली कॅट्झिन याने चित्रपट पुरा केला. कथेत पोर्श जिंकते म्हणून फेरारीने गाड्या देण्याचे नाकारले, तेव्हा त्या बेल्जियममधील एका विक्रेत्याकडून मिळवाव्या लागल्या. मोडायच्या गाड्यांसाठी लोला कंपनीच्या जुन्या सांगाड्यांवर पोर्श व फेरारीची कवचे चढवून त्या रेडिओने दुरून चालवल्या गेल्या. माणसाच्या जिवाची एवढी काळजी घेऊनही, चित्रणासाठी पोर्श चालवत असताना डेव्हिड पायपर या ब्रिटिश चालकाला अपघात झाला आणि त्याच्या एका पायाचा खालचा भाग कापावा लागला. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्याच्या त्यागाचा कृतज्ञतापूर्वक उल्लेख आहे, आणि ‘ल माँ’ पाहणाऱ्याने तो वाचल्यावाचून उठू नये.

१९७१ मध्ये प्रदर्शित झालेला हा चित्रपट व्यवसायाच्या दृष्टीने पडला. पहिल्या अर्ध्या तासाहून अधिक काळ त्यात पात्रांमध्ये संवाद जवळजवळ नाहीत. मैदानावरच्या ध्वनिक्षेपकाची निवेदने, इंजिनांची घरघर आणि शर्यत सुरू होण्यापूर्वीची, हृदयाच्या ठोक्यांनी भरलेली शांतता, एवढ्यावर तो चालतो. नायक शेवटी पहिला येत नाही; आपल्या संस्थेची दुसरी गाडी जिंकावी म्हणून तो फेरारीला अडवून धरतो आणि दुसरा येतो. सहनशक्तीच्या शर्यतीत चालक हा चमूचा एक अवयव असतो, हे तत्त्व इतक्या प्रामाणिकपणे दुसऱ्या कोणत्याही चित्रपटाने मांडलेले नाही. कथेच्या बाबतीत ‘ग्रां प्री’ सरस आहे, पण गाडीच्या आत बसल्याचा अनुभव देण्यात ‘ल माँ’ त्याच्याही पुढे गेला, हा त्याचा न्याय्य हिशेब होय.

या दोन चित्रपटांच्या मध्ये आलेल्या ‘विनिंग’ या १९६९ च्या चित्रपटाने वेगळेच फळ दिले. त्यातील भूमिकेसाठी पॉल न्यूमन शर्यतीची गाडी चालवायला शिकला आणि त्या विद्येत असा रमला की १९७९ मध्ये ल माँच्या खऱ्या शर्यतीत त्याच्या पोर्श ९३५ ने दुसरा क्रमांक पटकावला. पुढे तो एका शर्यतसंस्थेचा भागीदारही झाला, आणि २००६ च्या ‘कार्स’ या ॲनिमेशनपटातील डॉक हडसन या वृद्ध गाडीला त्याने आवाज दिला तेव्हा तो आवाज खरोखरच त्या जगातून आलेला होता.

त्यानंतरची दोन दशके शर्यतपटाच्या दृष्टीने मंद गेली, कारण त्याचे काम दूरचित्रवाणीने हाती घेतले. १९८५ च्या जर्मन ग्रां प्रीमध्ये रेनॉ कंपनीने एक जादा गाडी केवळ कॅमेरा वाहण्यासाठी उतरवली आणि फॉर्म्युला वनच्या शर्यतीतील गाडीवरून थेट दृश्य घरोघरी पोचले. पुढे असे कॅमेरे इतर गाड्यांवरही दिसू लागले. जे पाहण्यासाठी १९६६ मध्ये सिनेरामाच्या पडद्यासमोर जावे लागे ते दर पंधरवड्याला घरी दिसू लागल्यावर शर्यतपटाला दुसरा आधार शोधणे प्राप्त झाले. टोनी स्कॉटच्या ‘डेज ऑफ थंडर’ ने अमेरिकेतील बंद छताच्या गाड्यांच्या शर्यतीत कॅमेऱ्याच्या गाड्या घुसवून जुनीच वाट चोखाळली, पण खरा आधार सापडला तो इतिहासात. आसिफ कपाडिया याच्या ‘सेना’ या २०१० च्या माहितीपटात नव्याने टिपलेले जवळजवळ काही नाही. १ मे १९९४ रोजी इमोला येथे मृत्यू पावलेल्या आयर्तों सेना या ब्राझिली चालकाचे आयुष्य संग्रहातील चित्रणांतूनच उभे केले आहे, आणि त्याच्याच गाडीवरील कॅमेऱ्याने टिपलेली अखेरची फेरी हा त्याचा सर्वांत असह्य भाग आहे. या चित्रपटाचा दिग्दर्शक आणि लेखक मनीष पांडे हे दोघेही भारतीय वंशाचे ब्रिटिश नागरिक आहेत, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

रॉन हॉवर्डच्या ‘रश’ मध्ये निकी लाउडा आणि जेम्स हंट यांचा १९७६ चा हंगाम आहे : १ ऑगस्टला न्यूरबुर्गरिंग येथे भाजलेला लाउडा सहा आठवड्यांत माँझा येथे परतला आणि चौथा आला, आणि जपानच्या पावसात अखेरच्या शर्यतीतून माघार घेऊन केवळ एका गुणाने विजेतेपदाला मुकला. ‘फोर्ड विरुद्ध फेरारी’ या २०१९ च्या चित्रपटात केन माइल्स व कॅरल शेल्बी यांची १९६६ ची ल माँ शर्यत आहे, म्हणजे फ्रँकनहायमर स्पा येथे चित्रण करत होता त्याच्या पुढच्याच आठवड्यातली. इतिहासाशी त्याने काही ठिकाणी मोकळीक घेतली आहे. एंझो फेरारी त्या शर्यतीला हजर नव्हता, तरी चित्रपटात तो दिसतो. नटाला खऱ्या वेगात बसवण्यासाठी त्यात जी मांडणी वापरली, तिच्यात गाडीचे कवच एका ठेंगण्या, स्वयंचलित फलाटावर चढवलेले असते आणि तो फलाट वेगळ्या कोंडाळ्यात बसलेला कसबी चालक हाकतो. नटाच्या हातातील चाक केवळ अभिनयासाठी असते, पण त्याच्या गालांचे थरथरणे खरे असते. पार्श्वप्रक्षेपणाचे जे दुखणे होते, हादरे न जुळण्याचे, ते अशा रीतीने दूर झाले.

२०२५ चा ‘एफ वन’ हा चित्रपट पाहिला की फ्रँकनहायमरची पद्धत किती पक्क्या पायावर उभी होती हे कळते. जोसेफ कोसिन्स्की याने २०२३ च्या जुलैत सिल्व्हरस्टोन येथील खऱ्या शर्यतीच्या आठवड्यापासून चित्रण सुरू केले. फॉर्म्युला टू या खालच्या श्रेणीतील गाड्यांना मर्सिडीजच्या अभियंत्यांनी वरच्या श्रेणीचे रूप दिले, ब्रॅड पिट आणि डॅमसन इड्रिस यांनी त्या स्वतः चालवल्या, आणि मुठीएवढे कॅमेरे दुरून फिरवले गेले. साधने बदलली, पण कल्पित चमू खऱ्या स्पर्धकांत मिसळणे, कनिष्ठ गाडीला वरिष्ठ गाडीचा वेष देणे, नटाला चाकामागे बसवणे आणि कॅमेरा चेहऱ्यावरून रस्त्याकडे वळवणे, हे चारही मुद्दे १९६६ चेच आहेत.

हिंदी चित्रपटाने या वाटेवर तुरळक पावले टाकली. फिरोज खान याने दिग्दर्शित केलेल्या पहिल्या चित्रपटात, १९७२ च्या ‘अपराध’ मध्ये, जर्मनीतील मोटारशर्यतीची दृश्ये आहेत, आणि २००७ च्या ‘ता रा रम पम’ चा नायक अमेरिकेतला शर्यतचालक आहे. दोन्ही ठिकाणी शर्यत परक्या भूमीवरची आहे. प्रत्यक्षात भारताला या खेळाचा स्वतःचा भूतकाळ आहे. चेन्नईजवळच्या शोलावरम येथील महायुद्धकालीन धावपट्टीवर १९५० च्या दशकापासून अनेक वर्षे शर्यती होत राहिल्या. १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टई येथे कायम स्वरूपाचा धावमार्ग झाला. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला आणि २०११ ते २०१३ या तीन वर्षांत नोएडाजवळ भारतीय ग्रां प्री धावली. शोलावरमच्या पिढीतील चालक, तंत्रज्ञ आणि प्रेक्षक आज वृद्ध झाले आहेत, त्यांच्या घरांतील छायाचित्रे व घरगुती फिल्मचे तुकडे विरत चालले आहेत. ते मिळवून, जतन करून त्यांचा माहितीपट करण्याचे काम एखाद्या चित्रपट-अभिलेखागाराने किंवा तरुण चित्रपटकाराने आताच हाती घ्यावे.